तोंड शत्रूकडे

राणीला टेकडीवर उभंच पुरायचं होतं. हातात रोखलेला भाला, तोंड शत्रूकडे, असा तिचा हुकूमच होता. आमचे वैरी उत्तरेचे, म्हणून आम्ही तिला उत्तरेकडे तोंड करून उभं केलं. त्यांच्याच बाणानं ती गेली, असं तिचा भाऊ लोखान सांगत होता. दिवस मावळेपर्यंत घरटी एकेक दगड वर आला आणि कमरेपर्यंत रास झाली. "मेल्यावरही बाईला बसू दिलं नाही," तिची म्हातारी दाई पुटपुटली. सकाळी उरलेले दगड घेऊन चढलो, लोखान पुढे, तर राणीचं तोंड आमच्या वाटेकडे वळलेलं. राशीतला एक दगडही हललेला नव्हता. "कुणाचा हा चावटपणा?" लोखान खेकसला. "फिरवा तिला." दाई म्हणाली, "बाळा, तोंड शत्रूकडे करा, एवढंच म्हणाली होती. उत्तर दिशा आपण ठरवली." लोखान हळूच डावीकडे सरकला. भाल्याचं टोकही सरकलं.