बाटलीतलं उरलेलं

"सर, तुम्ही जीवशास्त्र शिकवता, मग तुमचंच झाड कसं काय मरायलंय?"

हे विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती, अन् मी भर वर्गात विचारलं! नाताळात सरांनी हौसेनं आणलेलं लाल पानांचं पॉइन्सेटिया खिडकीत मान टाकून बसलं होतं. सरांनी कुंडीत बोट घातलं, तर नुसता चिखल.

"ह्याला पाणी कोण घालतंय?"

अख्ख्या वर्गाचे हात वर! लातूरची लेकरं आम्ही, बाटलीत उरलेलं पाणी फेकायचं पाप कोण करणार? शाळा सुटली की सगळे कुंडीत ओततो.

"अरे, आपलं किती उरलंय ते बघून पाणी घालतेत का? त्याची माती वाळली का ते बघावं की!"

घरी आले तर आई माझी पेटीच्या क्लासची वही घेऊन दारात, मागं बाबा. लहानपणी तिचं पेटी शिकायचं राहून गेलं होतं. बाबांचं राहिलेलं बुद्धिबळ मी सकाळीच क्लासला जाऊन उरकलं होतं.

"आई, बाबा, सोमवारपासून पेटीला आई जाणार अन् बुद्धिबळाला बाबा. शाळेतून येताना दोन्ही क्लासात माझं नाव खोडून तुमची नावं घालून आले."

"अन् तू काय करणार गं?" आईनं विचारलं.

"मी? आधी माती वाळू देणार."