जळवांची लाळ आणि माझी किडनी

जळवांच्या लाळेपासून बनवलेल्या आमच्या लॅबच्या औषधाने किडनीला अपाय होत नाही ना, हे मी उंदरांवर तपासत होतो. पिंजऱ्यांतल्या खुणा केलेल्या पाण्याच्या बाटल्या मी स्वतः भरायचो आणि संध्याकाळी उजेडात धरून पाहायचो. एखादा उंदीर पाणी कमी प्यायला, की माझ्याच घशाखाली घास उतरायचा नाही. शेवटी निकाल आला. सगळ्यांच्या किडन्या ठणठणीत! मी कॉलर ताठ करून घरी आलो आणि त्याच आठवड्यात कंबर धरून दवाखान्यात पोचलो.

"किडनीत खडे आहेत," डॉक्टर म्हणाले. "दिवसभरात पाणी किती पिता?"

"लॅबमध्ये खाण्यापिण्याला सक्त मनाई आहे," मी कण्हत, पण तोऱ्यात सांगितलं. "नियम मीच केलाय."

"मग बाहेर जाऊन प्यायचं ना!" बायको म्हणाली.

"उंदरांना सोडून?"

तिने कपाळावर हात मारला.

आता ती रोज खुणा केलेली बाटली माझ्यासमोर ठेवते आणि संध्याकाळी उजेडात धरून पाहते. काल बाटली रिकामी दिसली, तेव्हा तिने माझ्या पाठीवरून हलकेच बोट फिरवलं, अगदी मी उंदरांच्या पाठीवरून फिरवायचो तसं.

खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.