अरुंधतीदर्शन

लग्नातला शेवटचा विधी उरकायला वऱ्हाड गावच्या छोट्या वेधशाळेत आलं होतं. नुसत्या डोळ्यांनी अरुंधती दिसेनाशी होऊन कैक वर्षं झाली होती. नवरी मृण्मयीने दुर्बिणीला डोळा लावला. सगळीकडे सोनेरी चुरा चमकत होता.

"अय्या, यातली अरुंधती कुठली?"

"एकही नाही. अंतराळातल्या हॉटेलांचा गोठलेला मैला आहे तो," दुर्बीण सांभाळणारे टेंभेकाका म्हणाले. "अजून ऊन पडतंय त्याच्यावर. तासाभराने सावलीत गेला, की तारे दिसतील."

मृण्मयीने दुर्बिणीवरून डोळा काढला.

"दिसली म्हणा आणि हात जोडा," गुरुजी म्हणाले. "पंगत खोळंबलीय."

नवरदेव शार्दूलने वर त्या चुऱ्याकडेच बघून हात जोडले. मग तिचा हात धरायला गेला.

तिने हात मागे घेतला.

"आधी हात धुऊन ये. मी थांबते तासभर."