काळी पट्टी

बाळांनो, डोळ्यांसमोर आणा: शाळेचं मैदान, आणि मातीत पडून हसू दाबणारी नऊ वर्षांची रेणू. आज देशभर भूकंपाची रंगीत तालीम आहे. सरकारी आपत्ती पथकाच्या धोंडेकाकांनी तिच्या मनगटाला काळी पट्टी बांधली आहे, म्हणजे ती मेलेली.

"मेलेली माणसं खिदळत नाहीत, बाई," काका म्हणाले. मग सगळ्यांना समजावू लागले. "जीव जायची भीती असेल, तर लाल पट्टी, त्याला आधी उचलायचं. हाड मोडलं, तर पिवळी; तो थोडा थांबू शकतो. श्वासच नसेल, तर काळी, त्याला शेवटी. पट्टी माणूस तपासून बांधायची, कुणाच्या सांगण्यावरून नाही."

तेवढ्यात जमीन खरोखर हादरली. काका पहिलीच्या वर्गाकडे धावले. दोन मुलांना त्यांनी बाहेर ढकललं आणि व्हरांडा त्यांच्याच अंगावर कोसळला. धूळ बसली तेव्हा तुळईखाली त्यांच्या मांड्या चिरडल्या होत्या, रक्त मातीत पसरत होतं. शेजारी ती दोन मुलं मोडलेले हात धरून किंचाळत होती. पथकाचे जवान धावत आले, पण स्ट्रेचर एकच होतं.

"रेणू," काका पुटपुटले, "तुझी काळी पट्टी मला बांध. पोरांना आधी नेऊ देत."

"पण तुम्ही श्वास घेताय, काका."

"सांगतो ते ऐक."

रेणूने मनगटावरची काळी पट्टी ओढून काढली आणि लांब फेकली. मग काकांच्या पिशवीतून लाल पट्टी काढून त्यांच्या हाताला दोन गाठी मारून बांधली.