बदल जतन करायचे?

सुलभा दवाखान्यात असतानाच तिच्या आठवणी फायलींमध्ये भरून घेतल्या होत्या. ती गेल्यावर दिगंबरने त्या घरच्या संगणकावर उघडल्या आणि ती स्पीकरमधून बोलू लागली. वर्षभर त्याने त्या एकदाही बंद केल्या नाहीत. आता संगणक फार तापायला लागला, म्हणून मुलगी मृणालने सगळ्या फायली क्रमाने, सुरक्षित बंद करणारा मॅक्रो, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, आणून चालवला.

"बाबा, मॅक्रो विचारतोय, बदल जतन करायचे का?"

"कसले बदल?"

"तुम्ही केलेले. 'असं टोचून बोलू नकोस' म्हणालात की ती शिकायची ना!"

दिगंबर स्पीकरकडे वळला. "सुलभा, मी चार दिवस आंघोळ केली नाही."

"राहू दे हो. थंडी आहे," ती गोड आवाजात म्हणाली.

"ही तुझी आई नाही," तो म्हणाला. "नको जतन करू."

फायली एकेक करून बंद झाल्या. थोड्या वेळाने मृणालने त्या पुन्हा उघडल्या.

"अहो, बोला की! तोंड शिवलंय का? डॉक्टर घरी कधी सोडणार म्हणाले?"

मृणाल उठून स्वयंपाकघरात गेली. दिगंबरने वर्षापूर्वी एकदा सांगितलेलं पुन्हा सांगितलं.

"सुलभा, तू गेलीस."