मनुकांचा प्याला

एटापल्लीपलीकडच्या त्या छोट्या चर्चमध्ये प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर नि द्राक्षरस घेण्याचा, कडक नियम होता, मनात पाप असेल त्यानं प्याला घ्यायचा नाही. आजही गाणाऱ्या पोरींतल्या रीतानं प्याला नाकारला, तशी बायकांत कुजबुज उठली. "पोरीनं काईतरी करून ठेवलं असंन!" प्याल्यांचं तबक धरलेली सोमारी, पाळकाची बायको, तिच्यासमोरून हलेना. गाण्याच्या सरावानंतर पाळकानं दाराला कडी घालून काय केलं, ते रीतानं कालच तिला रडत सांगितलं होतं आणि विचारलं होतं, "मंग मी प्याला कशी घेऊ, बाई?" "सोमारी, समोर चाल," मेजाजवळून पाळकानं दटावलं आणि स्वतःचा प्याला ओठांशी नेला. सोमारी तरातरा गेली. सकाळी स्वतः मनुका उकळून त्यांच्या रसानं भरलेला तो प्याला नवऱ्याच्या हातातून ओढून तिनं मेजावर पालथा घातला. मग ती रीताकडं परतली. "आता घे, पोरी. ज्यानं घ्याचा नाई, त्याचा पालथा केला."