कोंबडीचे पाय

पेंढा भरलेल्या पक्ष्यांच्या पायांना लेबलं लिहून बांधण्यात वहिनींच्या यजमानांची उभी हयात संग्रहालयात गेली, आणि अक्षर म्हणाल तर निव्वळ कोंबडीचे पाय. ते लागायचं फक्त वहिनींना. म्हणून झटका येऊन यजमानांची वाचा गेली, तेव्हा संग्रहालयाने वहिनींनाच बोलावून घेतलं, कॉम्प्युटरला ते अक्षर वाचायला शिकवायला. वर्षभर त्याच्या चुका सुधारता सुधारता पठ्ठ्या तयार झाला.

घरी यजमान मात्र थरथरत्या हाताने रोज काहीतरी खरडायचे आणि कागद वहिनींच्या मुठीत कोंबायचे. हे नवं अक्षर आता वहिनींनाही लागेना. शेवटी एका दुपारी त्यांनी असा एक कागद संग्रहालयातल्या स्कॅनरवर ठेवला.

पडद्यावर उमटलं : ‘नर. पूर्ण वाढलेला. पिंजऱ्यात ठेवलेला. अजून जिवंत.’

वहिनींचा चेहरा पाहून शेजारचा प्रोग्रामर हसत सुटला. “अहो वहिनी, मनावर काय घेता! त्याने जन्मात लेबलांखेरीज काही पाहिलेलं नाही. तेवढेच शब्द येतात बिचाऱ्याला. किराण्याची यादी दिलीत तरी त्यात पक्षीच शोधेल.”

“हो ना, मेलं कुठलं!” म्हणत वहिनीही हसल्या आणि त्यांनी कागद चुरगळून पर्समध्ये टाकला.


संध्याकाळी घरी पोचल्यावर त्यांनी रोजच्यासारखं दाराला बाहेरून लावलेलं कुलूप काढलं, आणि दार ढकलायला त्यांचा हात पुढे होईना.